मामांच्या बोटातली साखर

माझा धाकटा भाऊ पुण्यात डॉक्टरी यंत्रांच्या एजन्सीत कामाला होता. जगाच्या पाठीवर कुठेही नवं यंत्र निघालं, की त्याची बातमी मला पोचवणं हे तो आपलं पहिलं कर्तव्य समजायचा. दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी त्याने मला पेपरातलं एक कात्रण पाठवलं. परदेशात कुठेशी डोळ्यात घालायची अशी लेन्स करताहेत, की ती डोळ्यातल्या पाण्यावरून अंगातली साखर सांगेल. सुई नको, रक्त नको. कडेला भावाने पेनाने लिहिलं होतं, ‘ताई, हे तुझ्यासाठीच काढलंय बघ. लेन्स तू घालतेसच. आता नुसतं रडायचं आणि आकडा बघायचा.’

मी कात्रणाची घडी घालून ते डब्यात ठेवलं आणि त्याला उत्तर पाठवलं नाही. यंत्र खोटं असेल असं मला वाटत नव्हतं. यंत्र खोटं बोलत नाही, हे माझ्याइतकं पक्कं अख्ख्या वारूळवाडीत कुणाला ठाऊक नसेल. त्याच पक्केपणापायी एकदा मी माझ्या सासऱ्यांचा जीव घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामांची ओळख मला पहिल्यांदा झाली ती पोह्यांच्या ताटावरून, आणि तीही फसवणुकीतून, म्हणून ते आधी सांगते.

माझं माहेर आणे गावचं. पठारावर पाण्याची बोंब. आमच्या घरी तेल सांडलं तर आई नुसती ओरडायची, पाणी सांडलं तर पाठीत धपाटा. मी बी.एस्सी. झाले, पण डोळ्यांवर उणे पाचचा जाडजूड चष्मा. पहिली दोन स्थळं चष्मा बघून चहा प्यायली आणि ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच. तिसरं स्थळ वारूळवाडीचं. मुलगा घोडेगावला पंचायत समितीत कारकून, घरी ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. भाऊ तेव्हा नुकता पुण्यात एजन्सीला लागला होता. त्याने मला पुण्याला नेऊन लेन्स घेऊन दिल्या. बघण्याच्या दिवशी त्या घातल्या तर डोळ्यांतून धारा. आई पाहुण्यांना म्हणाली, ‘पोर लाजाळू आहे हो, चार माणसांत आली की डोळ्यात पाणी येतं.’ मी आणि लाजाळू! आजूबाजूच्या बायकांनी पदराआड तोंडं लपवली.

पाहुण्यांतले पांढऱ्या टोपीचे, रापलेल्या हातांचे एक गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. तेच मामा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पाणी किती लांबनं आणता, पोरी?’ मी सांगितलं, दीड कोस. ते म्हणाले, ‘मंग पाण्याची किंमत हाय हिला.’ आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर आठवड्याभरातच बिंग फुटलं. मी रात्री लेन्स दोन वाट्यांत औषधाच्या पाण्यात ठेवायचे. सकाळी आत्याबाईंनी ‘वाटीत शिळं पाणी कुणी ठिवलंय’ म्हणून ते ओतून वाट्या राखेने घासून लख्ख केल्या. मी मोरीत गुडघे टेकून चाचपडत बसले, आणि मग सगळं सांगावंच लागलं. आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ‘फसिवलं आमाला’ एवढं मात्र भिंतीला सांगत होत्या. मामा म्हणाले, ‘डोळं अधू हायेत, पोर न्हाई अधू,’ आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘जा, पुण्याला ने, नव्या काचा घेऊन ये तिला.’ त्या दिवसापासून मामांसाठी मी जीव द्यायला तयार होते. पुढे घेतला मात्र त्यांचाच असता.

मामा गुळवे होते. नुसते गुऱ्हाळाचे मालक नव्हेत, गूळ करणारे. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटतो, मळी वर येते ती काढायची, भेंडीचं पाणी घालायचं, आणि मग पाक कधी उतरवायचा हे ठरवायचं. क्षणभर आधी उतरवला तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर पाक पुढे जातो, करपतो. मामांकडे त्यासाठी ना घड्याळ, ना थर्मामीटर. शेजारी पाण्याची बादली. त्या पाण्यात हात बुडवायचा, ओल्या बोटांनी उकळता पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात बुडवून बोटांत गोळी वळायची. गोळी बोटाला काय सांगायची कोण जाणे, पण मामा म्हणाले ‘उतरव’, की चार गडी काहील उचलायचे. त्यांच्या हातचा गूळ नारायणगावच्या बाजारात लोक नखाने खरवडून ओळखायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. त्यामुळे मला हे सगळं बघून शिकवायची हुक्की यायची. मी त्यांना थर्मामीटर आणून दिला. त्यांनी तो कौतुकाने बघितला आणि देवळीत गणपतीशेजारी ठेवला. मग मी दुसरी सुधारणा केली. पूर्वी दर आधणाला, म्हणजे काहिलीच्या प्रत्येक भरणीला, बादली ओतून ताजं पाणी भरायचे. आण्याच्या पोरीला ते बघवेना. भरलेली बादली चिखलात ओततात! मी गड्यांना दम दिला, ‘दिवसाला एकच बादली. सकाळी भरायची, संध्याकाळी झाडांना घालायची.’ मामा हसले आणि म्हणाले, ‘बाईंचं ऐका, राव.’ मीना नदी हाकेच्या अंतरावर वाहत होती, पण सवय ती सवय.

गुऱ्हाळाचा आणखी एक कायदा होता, तो मात्र कुणी केलेला नव्हता, पहिल्यापासूनचाच. गुऱ्हाळावरून माणूस तोंड गोड केल्याशिवाय जायचा नाही. रस्त्याने चाललेला असो, ओळखीचा असो नसो, ‘या पावणं’ म्हणून हाक जायची. रस, काकवी, नाहीतर गरम गुळाचा खडा. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी खडा तोंडात टाकायचा आणि मग भांडायचा.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मामांना पायाला झालेली जखम भरेना. नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, ‘थोडी साखर आहे. घाबरण्यासारखं काही नाही. एक गोळी घ्या, गोड बंद करा, दर पंधरा दिवसांनी उपाशीपोटी रक्त तपासायला या.’

गोड बंद! गुळव्याला! आत्याबाईंनी तर कपाळाला हातच लावला. मामा मात्र मुकाट्याने म्हणाले, ‘बरं.’ गूळ करायला जीभ लागत नाही, बोटं लागतात, त्यामुळे काम अडणार नव्हतं. अडत होतं ते दर पंधरा दिवसांनी सकाळी दवाखान्यात जाणं. हंगामात सकाळचं आधण सोडून मामा हलायचे नाहीत.

मी भावाला कळवलं. पुढच्याच रविवारी स्वारी मशीन घेऊन हजर. मुठीत मावेल एवढं. पट्टी खोचायची, बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की थोड्या वेळात आकडा. हंगामात पंचक्रोशीतली माणसं ते बघायला गुऱ्हाळावर येऊन गेली. जुन्नरहून हंगामभर आमच्या उसाच्या चरकाचं इंजिन सांभाळायला येणारे चाचा होते. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या लोखंडाचं काम, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून रोग ओळखायचे. त्यांनी मशीन हातात घेतलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, ‘आवाजच न्हाई की ह्याला. मंग कळतं कसं?’ मी म्हटलं, ‘चाचा, आकडा येतो.’ ते म्हणाले, ‘येत आसंल,’ आणि परत इंजिनाकडे गेले.

मी चौकटींची वही केली. तारीख, वेळ, आकडा, शेरा. जास्त आकडा लाल शाईने. रोज शाळा सुटली की मी थेट गुऱ्हाळावर जायची. ‘मामा, हात धुवा,’ म्हणायची. मामा बादलीत कोपरापर्यंत हात बुडवायचे, झटकायचे, आणि माझ्यापुढे खाटेवर येऊन बोट पुढे करायचे. मी त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवायची, कारण मी शास्त्र शिकलेली. सुई टोचायची. आकडा यायचा. पहिल्याच दिवशी दोनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी तीनशे दहा. लाल शाई बघता बघता संपली, दुसरी दौत आणली.

डॉक्टरांनी वही बघितली. इतकी नेटकी वही त्यांनी कधी बघितली नसावी. म्हणाले, ‘बाई, तुमच्यासारखी सून घरोघरी हवी,’ आणि गोळी एकाची दोन केली. आकडे हटेनात. दोनाची तीन केली, दुसरी जोरदार गोळी दिली. मी भाकऱ्या मोजायला लागले. भात बंद, बटाटा बंद, दुधातला कवडीएवढा गुळाचा खडा तर केव्हाच बंद.

गंमत म्हणजे रविवारी आकडा खाली यायचा. रविवारी मला सुट्टी, मी मामांना घरीच, ते आंघोळ करून आले की तपासायची. एकशे वीस. एकशे दहा. एकदा तर ऐंशी. आता ज्याला डोकं आहे त्याने यावरून काय ओळखावं? मलाही डोकं होतं, आणि मी जे ओळखलं ते अगदी तर्कशुद्ध होतं. रविवारी मी दिवसभर डोळ्यांपुढे असते म्हणून मामा पथ्य पाळतात. बाकीचे सहा दिवस मी शाळेत गेले, की गूळ खातात.

मी त्यांना तसं विचारलं. साधं नाही विचारलं, गड्यांसमोर विचारलं. ‘मामा, लपून खाताय ना?’

मामांच्या हातात झारा होता. त्यांनी तो काठाला टेकवला. ‘न्हाई गं. कण न्हाई घातला तोंडात, दिवाळीपास्नं.’

‘मग आकडा कुठून आला?’

‘मला काय म्हाईत. देवाशप्पथ न्हाई खाल्ला.’

‘यंत्राला देव नसतो मामा. ते खोटं बोलत नाही.’

म्हणजे कोण खोटं बोलतं, हे सांगायची गरज राहिली नाही. मी तिथेच चाचांना आणि गड्यांना सांगितलं, मामांवर लक्ष ठेवा, तोंडात काही घालताना दिसले तर मला सांगा. चाचा मान खाली घालून पाना पुसत राहिले. ज्या माणसाने उभ्या जन्मात मापात पाप केलं नव्हतं, त्याच्यावर त्याच्याच गुऱ्हाळावर मी पहारा बसवला. वर वहीत शेरा लिहिला, ‘पथ्य पाळत नाहीत.’

त्यानंतर मामा माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. बोट पुढे करताना दुसरीकडे बघायचे. वाळत चालले होते. दुपारी हातपाय थरथरायचे, मध्येच चिडायचे, मध्येच झोपाळल्यासारखे व्हायचे. आत्याबाई म्हणाल्या, ‘पोटभर खाऊ दे की गं त्यांना, तोंड बघ कसं उतारलंय.’ मी म्हटलं, ‘आत्याबाई, हीच साखरेची लक्षणं आहेत.’ पुस्तकात दोन्ही लक्षणं होती, साखर वाढल्याची आणि उतरल्याचीही. मी आपल्याला पाहिजे ते पान वाचलं होतं.

आणि मग तो दिवस आला. मी शाळेतून आले तर गुऱ्हाळावर इंजिन बंद. शेवटच्या आधणाचा पाक रटरटतोय आणि मामा खाटेवर आडवे. चाचांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मामा काहिलीच्या काठाशी झोकांडले होते, चाचांनी मागून कंबरेला मिठी मारून ओढलं म्हणून वाचले, नाहीतर उकळत्या पाकात गेले असते. पैरण घामाने चिंब. मला बघून म्हणाले, ‘बैल सोडलं का?’ आमच्याकडे दहा वर्षांपासून बैल नव्हते.

चाचा म्हणाले, ‘बाई, पयलं गोड द्या. आमच्या थोरल्या भावाला अशीच तऱ्हा व्हायची. घाम, बडबड, समदं असंच. गोड दिलं की उठायचा.’

मी त्यांना काय म्हटलं ते मी विसरू शकत नाही. म्हटलं, ‘चाचा, तुम्ही इंजिन बघा.’

पिशवीतून मशीन काढलं. एका गड्याने बादलीतल्या पाण्याने मामांचे हात, तोंड पुसलं. सुई टोचली. आकडा आला चारशे बारा. इतका वरचा आकडा वहीत कधीच आला नव्हता. झालं, मला वाटलं, साखर मेंदूत गेली. मी संध्याकाळची गोळी काढली, पाणी मागितलं. तेवढ्यात चाचांनी काकवीची वाटी मामांच्या तोंडाशी नेलेली दिसली. मी ती हिसकावली. ‘जीव घ्यायचाय का त्यांचा?’ असं किंचाळले, आणि अर्धी काकवी माझ्याच पदरावर सांडली.

आत्याबाई चहाची किटली घेऊन बांधावरून येत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली. धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मामांजवळ बसल्या, त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. मग मला विचारलं, ‘काय म्हणतंय तुझं मशीन?’

‘लई वाढलीय आत्याबाई. इतकी कधीच नव्हती.’ माझी शाळेतली भाषाही पळाली होती.

‘म्हंजी ह्ये आता चाललं म्हण की.’

मी काढलेली गोळी मुठीत आवळून धरली.

‘मंग हो बाजूला. गुऱ्हाळावरनं तोंड गोड केल्याबिगर आजवर कुणी गेला न्हाई. वाटंचा पावणा गेला न्हाई. अन् हा मालक असून तसाच जाईल व्हय?’

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, बोट बुडवलं आणि मामांच्या ओठांवर, हिरडीवर, गालाच्या आतून काकवी फिरवली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो असा झटकला, की माझ्या बांगड्या वाजल्या. पुन्हा बोट. पुन्हा. त्या रडत होत्या आणि चाटवत होत्या. निरोप देत होत्या हो त्या! नवऱ्याला शेवटचं गोड भरवत होत्या, आणि माझ्या हातात अजून ती गोळी होती.

वाटी संपत आली तेव्हा मामांनी गिळलं. मग स्वतःच ओठ चाटले. चाचांनी दुसरी वाटी भरून आणली. पाव तास गेला असेल नसेल, मामांनी डोळे उघडले, आमच्या तिघांकडे बघितलं आणि विचारलं, ‘काहील उतारली का?’

कुणीच उतरवली नव्हती. ते आधण करपून कोळसा झालं. मामांच्या आयुष्यातलं पहिलं.

जीपमधून त्यांना नारायणगावला नेलं. डॉक्टरांनी दंडातून रक्त काढलं. दोन वाट्या काकवी पोटात जाऊनही साखर साठाच्या आसपास! डॉक्टरांनी माझी वही मागितली. मग माझं मशीन मागितलं आणि मामांच्या बोटावर स्वतः लावलं. तीनशे साठ. एकाच माणसाच्या दंडात साठ आणि बोटात तीनशे साठ. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

‘तपासायच्या आधी हात धुता?’

‘हो, रोज.’

‘कशाने?’

‘गुऱ्हाळावरच्या बादलीत.’

‘बादलीत काय असतं?’

‘पाणी,’ म्हणाले मी, आणि तिथेच मला त्या पाण्यात दिवसभर पाक वळणारी मामांची बोटं आठवली.

स्पिरिटच्या बोळ्याने बोटावरचा पाक निघत नाही, म्हणून नर्सने मामांचे हात साबणाने दोनदा धुतले. मशीनने निमूटपणे खरा आकडा दाखवला. मामांना दोन दिवस सलाईनवर ठेवून घेतलं, कारण पोटातल्या गोळ्या अजून साखर खातच होत्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘चूक माझीही आहे. वहीच्या भरवशावर मी गोळी वाढवली.’ वही त्यांनी मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर गेले. त्या बादलीत कालचं पाणी तसंच होतं. दिवसभर त्यात पाक वळलेला, माझ्या कायद्याने न ओतलेलं. मी मशीनला पट्टी लावली आणि त्या पाण्याचा थेंब सोडला. मशीनने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, की बादलीला भयंकर मधुमेह आहे. तीन महिने मी बादलीची साखर मोजत होते. गोळ्या फक्त मामांना देत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि सुळीची चौकटींची वहीसुद्धा मीच आखलेली. मी ती बादली उचलली आणि जन्मात पहिल्यांदा भरलेली बादली चिखलात ओतली.

दवाखान्यात जाऊन मामांना सगळं सांगितलं. पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय आखडून घेतले. आधी ते हसले. ‘बादलीला म्हणावं पथ्य पाळ.’ मग खिडकीबाहेर एस.टी. स्टँडवर घोडेगावची गाडी लागली होती, तिच्याकडे बघत राहिले.

‘गोळ्यांचं काय न्हाई गं,’ ते म्हणाले. ‘तू चोर म्हणलीस, गड्यांम्होरं. ते लई लागलं मला.’

मला तोंड वर करवेना.

‘पोहे घेऊन आलीस ना तू आण्याला, तवाच मला कळलं व्हतं डोळ्यात कायतरी घातलंय. बुबळाच्या कडंला काचंची रेघ दिसत व्हती. मी तोंडाकडंच बघतो मानसाच्या.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘म्हणलं, सांगंल तिची ती. आपल्या घरात यायची पोर हाय. तेवढा इस्वास ठिवावा लागतो.’

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि त्या रडण्यात एक लेन्स डोळ्यातून निसटून मामांच्या पांघरुणावर पडली. मला अर्धं जग धूसर झालं. मी चाचपडायला लागले तशी मामांनी उकळता पाक उचलणाऱ्या त्या बोटाने ती अलगद टिपली आणि माझ्यापुढे धरली. ‘घे. साबनानं धुतल्यात हात,’ म्हणाले.

चाचांची माफी मी नंतर मागितली. ते म्हणाले, ‘बाई, इंजिनसुद्धा कवा कवा भलताच आवाज देतं, मी पण फसतो,’ आणि चहा मागितला. मामांना पुढे एकच गोळी पुरली. मशीन मी शाळेच्या प्रयोगशाळेत देऊन टाकलं. दर वर्षी एका वर्गाला मी मुद्दाम गूळ लावलेल्या बोटाची तपासणी करून दाखवायची. पोरं खदखदून हसायची. कुणाला हसताहेत ते मी कधी सांगितलं नाही.

पुढे ऊस कारखान्याला जायला लागला, गुळाला माणसं मिळेनात, गुऱ्हाळ बंद झालं. मामा थकले. साखरेने नव्हे, वयाने. शेवटी अन्न सुटलं. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, आता दिवस मोजायचे. भावाने पुण्याहून फोन केला. नवीन मशीन आलंय, बोटाला चिमटा लावला की श्वास, नाडी, सगळं दाखवतं, उद्याच्या गाडीने पाठवू का. मी म्हटलं, ‘नको रे. मी बघते.’

आणि खरंच मी बघत बसले, तीन दिवस, त्यांच्या तोंडाकडे. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ कोरडे पडले, नाक थंड लागायला लागलं. आत्याबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, म्हणजे ते काम आता माझ्याकडे होतं. मंचरच्या बाजारातून आणलेली काकवीची बाटली मी आधीच उशाशी ठेवली होती. हात साबणाने धुतले. बोट काकवीत बुडवून त्यांच्या ओठांवर फिरवलं.

बराच वेळ काही नाही. मग जीभ हलली. मामांनी डोळे न उघडता ती चव तोंडात घोळवली, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

‘पाक पुढं गेलाय,’ ते म्हणाले. ‘कुणाचा?’

‘बाजारातला आहे, मामा.’

‘तरीच,’ म्हणाले, आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.